तीन चट्टे

कातडी कधी खोटं बोलत नाही.

विमा कंपनीत हे वाक्य त्याच्या नावावर जमा होतं. भाजल्याचे, सोलपटल्याचे, खरचटल्याचे दावे तपासायचे आणि खोटे निघतील ते हसतमुखाने परत पाठवायचे, हा त्याचा धंदा. साहेब त्याला कौतुकाने 'भिंग' म्हणत. घरी मात्र बायकोच्या मानेवरच्या लाल चट्ट्यापुढे भिंगाने हात टेकले होते.

"पुन्हा उठलं?"

"उठलं. आता कोपरावरही आलंय."

तो बघायला पुढे झाला तशी ती मागे सरली. "हात नका लावू, पसरतं."

"अगं, सकाळी तर मान स्वच्छ होती!"

"गार पाण्याने उतरतं जरा. मग घरात वावरले की येतं."

घरात म्हणजे नक्की कशात, इथेच सगळं घोडं अडलं होतं. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी चट्टे फोनच्या पडद्यावरच पाहिले.

"घरात लोकर, धूळ, सुगंधी फवारे, पाळीव प्राणी यांतलं काय काय आहे?"

"सगळं आहे," तो म्हणाला. "शिवाय एक दादा आहे."

"हाताला रंग, रसायनं लागतात?"

"नाटकवाल्यांचे चेहरे रंगवते मी," बायको म्हणाली. "पण ते त्यांना लावते. स्वतःला कशाला लावू?"

"मग घरातलंच काहीतरी खुपतंय. एकेक वस्तू बाहेर काढून बघा. आणि एकदा प्रत्यक्ष येऊन दाखवा."

"येते ना," बायको म्हणाली. पण तालमींमधून सवड होईना.

आधी गालिचा गेला. जांभळा-हिरवा, लोकरीचा, त्याने लग्नाआधी स्वतः निवडलेला. आल्यागेल्या पाहुण्यांनी त्याच्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं. गालिचा जिन्यातून उतरताना बायकोचे डोळे भरून आले. "तुमच्या किती आवडीचा होता हो," ती म्हणाली.

मान आठवडाभर स्वच्छ राहिली. तो आशेला लागला. मग चट्टा परत आला.

मखमली पडदे गेले. त्याची झुलती खुर्ची गेली. पेंढा भरलेलं घुबड गेलं, जे त्याला कंपनीने निष्ठेबद्दल दिलं होतं. प्रत्येक वेळी चट्टा शहाण्यासारखा मावळायचा, आणि रिकाम्या जागेला नजर सरावली की पुन्हा हजर. कपड्यांची पावडर बदलली, फवारे बंद झाले, उशा उन्हात पडून पडून चपट्या झाल्या. घरात बोललं की आवाज घुमायला लागला.

"आता मीच राहिलोय," तो कातावून म्हणाला. "मलाही बाहेर काढ."

"तुमचा काही त्रास नाही," बायको म्हणाली. "पिसांचं मात्र डॉक्टर पुन्हा विचारत होत्या."

पिसं म्हणजे पोपट. पोपट म्हणजे दादा.

त्याचा थोरला भाऊ आठ दिवसांसाठी म्हणून आला होता. हिवाळा गेला, उन्हाळा आला, दादा होता तिथेच होता. पोपट हुबेहूब दादाच्या आवाजात दिवसभर ओरडायचा, "चहा झाला का गं?"

"मी नाही हं, तो," दादा म्हणायचा. "पण ठेवतेच आहेस तर घेतो अर्धा कप."

हिवाळ्यात बायकोने एकदा विषय काढला होता. पण दादाने त्याला शिकवलं होतं, पोटाला चिमटा काढून. दादाला 'जा' म्हणायला याची जीभ रेटणं शक्य नव्हतं. त्याने बायकोपुढे सगळ्या उपकारांची उजळणी केली. तिने पुन्हा विषय काढला नाही.

आता मात्र मनगटावर तिसरा चट्टा उमटला, आधीच्या दोघांपेक्षा लालभडक. भिंगाने मन घट्ट केलं.

"दादा, पोपटाची कुठेतरी सोय करावी लागेल. हिची कातडी नाजूक आहे रे."

"पोपट जाणार तर मीही जाणार!" दादा गरजला.

हे त्याचं ठेवणीतलं अस्त्र. लहानपणापासून तो असंच म्हणायचा, आणि मग घरातल्या चौघांनी त्याच्या हातापाया पडायचं, अशी घरची रीतच होती. दादा नाक वर करून वाट बघत राहिला.

"भाऊजी एकदा बोलले की बोलले," बायको हळू आवाजात म्हणाली. "त्यांचा शब्द मोडायची माझी काय टाप?" आणि तिने दादाची बॅग आणून दाराशी ठेवली. भरलेलीच होती.

दादाने धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने छताकडे पाहिलं.

टॅक्सी वळणापर्यंत गेली तरी आतून आवाज येत होता, "चहा झाला का गं?" नेमकं कोण विचारत होतं, ते कळलं नाही.

तो उघड्याबोडक्या खोलीतल्या उरलेल्या लाकडी स्टुलावर बसला. "आता तरी बरं वाटू दे बाई तुला. घरात काढण्यासारखं काही उरलं नाही."

"वाटेल," बायको म्हणाली. "मला वाटतंय, आता कायमचं बरं वाटेल."

ती न्हाणीघरात गेली. कडी लावली. कामाचा पत्र्याचा डबा उघडून तिने कापसाचा बोळा तेलात बुडवला आणि मानेवरचा चट्टा पुसला. बोळा लाल झाला, मान स्वच्छ. मग कोपर पुसलं. तेही स्वच्छ.

मनगटावरचा निघेना. तिने नवा बोळा घेतला, जोर लावून चोळलं. बोळा पांढराच राहिला, आणि चट्टा खाजायला लागला.