डर्व्हलाची माती

"ही माझी बायको, डर्व्हला." मॅलकीने फोटो काउंटरवर ठेवला. "काल डब्लिनहून फोन केला होता तो मीच."

मिसेस गिलहूलींनी फोटो उचलला नाही. त्यांच्या दुकानात पुढे किराणा, मागे दारू आणि अंगणातल्या शेडमध्ये शवपेट्या. किलवारन गावात माणसाला जन्मभर लागेल ते तिथे मिळायचं, आणि नंतर लागेल तेही.

"फोनवर सांगायला जीभ रेटली नाही रे बाबा," त्या म्हणाल्या. "सोमवारी नदीतून काढली तिला. कोण, कुठली, कुणालाच माहीत नव्हतं. तू वर्णन सांगितलंस तेव्हा कळलं."

मॅलकी बटाट्याच्या पोत्यावर मटकन बसला. कितीतरी आठवडे तो धड झोपला नव्हता. देशातल्या प्रत्येक गावातलं एकेक दुकान फोन करून विचारत होता.

"मी तिला नजरेआड होऊ द्यायलाच नको होतं," तो म्हणाला.

दुकानाच्या वरच्या खोलीत पेटी ठेवली होती. खिडकी उघडी होती. आरशावर चादर होती. दोन मेणबत्त्या जळत होत्या.

"झाकण उघडा," मॅलकी म्हणाला.

"नको रे. नदीने चेहरा ठेवलेला नाही. फोटोतलाच डोळ्यांत ठेव."

गाव रांगेने आलं. एकेकाने त्याचा हात हातात घेतला, "तुझ्या दुःखात आम्ही आहोत" म्हणाला आणि भिंतीशी जाऊन बसला. म्हातारा पॅकी मात्र हात मिळवून थेट सँडविचच्या ताटाकडे वळला.

"मेल्या, प्रार्थना तरी होऊ दे," फिलोमिनाआजी पुटपुटल्या.

"रिकाम्या पोटी केलेली प्रार्थना वर पोचत नाही, फिलोमिना."

कुणी हसलं नाही. जपमाळ सुरू झाली. दोन प्रार्थनांमधल्या शांततेत शेकोटीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येई.

फिलोमिनाआजींनी मॅलकीला चहा दिला. त्याच्या उजव्या हातातल्या जाड अंगठीवर कप किणकिणला. आजी त्याच्या मांडीवरचा फोटो न्याहाळत होत्या.

"हनुवटीवर ही खूण कसली?"

"जिन्यावरून पडली. सारखी पडायची. दर वेळी मीच उचलून हॉस्पिटलात न्यायचो."

"नशीबवान पोरगी," आजी म्हणाल्या आणि त्यांनी किटली उचलली.

दुपारी पेटी निघाली. मॅलकी खांदा द्यायला पुढे झाला.

"तू मागून चाल," पॅकी म्हणाला. "आमच्याकडे नवरा मागून चालतो."

मॅलकीच्या गावात पहिला खांदा नवऱ्याचाच असे. पण वाद घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं. चर्चमध्ये पाद्रीबाबांनी भराभर प्रार्थना उरकल्या. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. कबरीत पहिली मूठ मॅलकीने टाकली, आणि माती लाकडावर वाजली तसा तो गुडघ्यांवर कोसळला. दोघातिघांनी धरून त्याला उठवलं आणि परतीच्या बसमध्ये बसवलं. बस हलेपर्यंत मिसेस गिलहूली दुकानाच्या दारात उभ्या होत्या.

बसमध्ये तो एकटाच होता. तोंडावर टोपी धरून रडत होता.

"मोकळा हो बाबा," ड्रायव्हर म्हणाला. "इथे ऐकायला मी आणि हे इंजिन. दोघंही म्हातारे. मरणाच्या घरातून निघालं की माणसाला वेळेचंसुद्धा भान राहत नाही."

मॅलकीला आईचं मरण आठवलं. मावशीने आईचे डोळे मिटण्याआधी खुर्चीवर चढून घड्याळ थांबवलं होतं. माती होईपर्यंत त्या घरात काटा हलत नाही. गरिबातल्या गरीब घरातही नाही. लहान पोरालाही हे ठाऊक असतं.

त्याने टोपी खाली घेतली. त्याचं रडणं थांबलं होतं.

टिकटिक. सगळी जपमाळभर.

"गाडी थांबव," तो म्हणाला.

ड्रायव्हरने ब्रेक दाबला. "काही विसरलास का?"

"बायको," मॅलकी म्हणाला.

उतरता उतरता त्याने उजव्या हातातली अंगठी काढून खिशात टाकली. मागच्या वेळी डर्व्हलाच्या हनुवटीवर या अंगठीचाच वण उठला होता, आणि डॉक्टरने नको ते प्रश्न विचारले होते.