अकरा वर्षांची माती

समितीच्या निधी-आवाहनात ठळक छापले होते : ‘दफनभूमीतील सर्व कबरी सुस्थितीत असून गेल्या अकरा वर्षांत येथील जमिनीला कुदळ लागलेली नाही.’ हे आश्वासन घरोघर वाचून दाखवणाऱ्या स्वयंसेवकांत इतिहासाच्या निवृत्त प्राध्यापिकाही होत्या. तिथले शेवटचे दफन त्यांच्या पतीचेच होते.

पत्रकासाठी छायाचित्रे काढताना बाईंना दिसले, की बाकीच्या कबरींवर गवत माजले आहे. पतीच्या कबरीवरची माती मात्र ओली, भुसभुशीत आणि नुकतीच थापलेली आहे.

“घूस असेल, बाई,” समितीचे चिटणीस म्हणाले.

“घूस उकरते. उकरलेलं थापून सारखं करण्याइतकी ती सुसंस्कृत नसते.”

बाई सलग चार दिवस सकाळी गेल्या. चारही दिवस माती ताजी होती. पाचव्या सकाळी त्या अर्धा तास आधी पोहोचल्या, तेव्हा म्हातारा राखणदार मुद्देमालासह सापडला. हातात फावडे होते आणि कोपरापर्यंत चिखल.

“लाज नाही वाटत? आमच्या ह्यांची झोप मोडून रोज काय उकरता?”

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. बाईंनी सवयीने वही उघडली आणि त्याचा कबुलीजबाब शब्दशः उतरवून घेतला :

“मी उकरत नाही, बाई. मी रोज सकाळी फक्त बुजवतो.”