तासभर गप्प

“कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण मी एकदा तासभर गप्प होतो!” बायकोच्या तेराव्याला जमलेल्यांपुढे तात्यांनी फुशारकी मारली.

“दाढ काढून घरी आलो, तर रक्ताचा ओहोळ थेट अंगणापर्यंत! डॉक्टरांनी बजावलेलं, कापसाचा बोळा घट्ट चावून धरा, तासभर बोलू नका. तेवढ्यात हॉस्पिटलातून हिचा फोन आला. मी नुसतं हुंहुं केलं. तिनं ओळखलं. म्हणाली, ‘बोळा काढू नका हो, रक्त थांबू दे. उद्या बोलू.’”

माणसं हसली. लेकीला मात्र हसू येईना. तात्यांच्या थापांना आजवर तिनंच हुंकार दिला होता. पण त्या शेवटच्या दुपारी आईच्या कानाशी फोनही तिनंच धरला होता.

“तात्या, खोटं आहे हे. आई शेवटपर्यंत ‘एक शब्द तरी बोला’ म्हणत होती.”