तळाचं जुनं

नामांतराच्या बंदात अडकलेली, टाक्यांतल्या पुवाच्या तपासणीची चिठ्ठी नमुना पाठवल्यावर सातव्या दिवशी औरंगाबादहून एसटीनं आली, तेव्हा मी माझ्या लेकीच्या, महानंदाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होते. ज्या दवाखान्यात मी दहा वर्षं आया होते, तिथंच ती बाळंत झाली होती. टाके पिकून तिच्याआधी दोघी गेल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी वाचली आणि चिमटे बुडवून ठेवायची काचेची बरणी उचलली. “मावशी, ही शेवटची कधी धुतली?” “धुवायची कशाला? जंतू मारायचंच औषध हाय की त्यात. रोज सकाळी वरून नवं वतते. तळाला जुनं जरासं ठेवतेच, जोर ऱ्हावा म्हणून. विरजणाचं गाडगं कुणी कोरडं करतंय का?” “रोज थोडे जंतू मेले, मावशी. जे वाचले, ते त्या जुन्या पाण्यात राहून औषधाला सरावले. आता ते औषधातच वाढतायत.” त्यांनी बरणी मोरीत उपडी केली. पिवळं पाणी वाहून गेलं आणि तळाला सायीसारखा बुळबुळीत थर चिकटून राहिला. महानंदाच्या टाक्यांना चिमटा मीच त्यातून काढून दिला होता. दिवस मावळायच्या आत ती गेली. पाचव्या दिवशी घरी सून दूध विरजायला बसली. गाडग्यात तळाला जुनं दही होतं. “हे धुतलं न्हाईस?” मी विचारलं. “तुमीच शिकवलंय की, आत्याबाई.” मी गाडगं ओढून घेतलं आणि राखेनं घासत बसले.