ब्रशचं टोक

टेबलावरच्या लढाईच्या खेळातले बोटभर उंचीचे राक्षस रंगवायला आजी मुलांना शिकवत. ब्रशला टोक यावं म्हणून कार्टी तो सारखी जिभेवर फिरवत. ज्या रंगाचा राक्षस, त्या रंगाची जीभ! “शी! घाणेरडी सवय!” म्हणून म्हणून आजींचा घसा बसला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

स्पर्धेच्या सकाळी एका वडिलांनी लेकीचा हिरवा राक्षस आजींपुढे ठेवला. नखाएवढा चेहरा, पण त्यावरची सुरकुती न् सुरकुती उठून दिसत होती. लेक मात्र मान खाली घालून उभी.

“हिनंच रंगवला, एकटीनं! आत्ता निघताना शेवटचा हात मारला. पहिला नंबर कुठं जात नाही.”

आजी पोरीसमोर वाकल्या. “आ कर बरं, बाळा.”

जीभ स्वच्छ, गुलाबी.

“वा! वर्गात तू एकटीच माझं ऐकतेस वाटतं?”

पोरीचे डोळे भरून आले.

“अहो आजी, जीभ काय बघता? राक्षस बघा!” वडील आ वासून खदखदून हसले.

आजींना शिसारी आली.

“बाबा,” लेक पुटपुटली, “तोंड मीट ना. हिरवं दिसतंय.”