पाठीवरची जागा

परवा मुलांचे पेपर भिजले, म्हणून आर्मिंदो मास्तर केलिमानेच्या बाजारात सायकलवर न्यायला स्वस्तातली वॉटरप्रूफ सॅक शोधत होते. दुकानवाली हसतहसत त्यांच्या खांद्यांवर एकेक सॅक चढवून पट्टे आवळत होती. बायको, झुल्मिरा, प्रत्येकीत खोट काढत होती. "चेन कच्ची आहे." "रंग जाईल." "केवढी महाग!"

शेवटी मास्तरांनी तिला बाजूला घेतलं. "त्या बाईवर जळतेस होय गं?"

"तिच्यावर कशाला? सॅकवर!" झुल्मिरा फणकारली. "रोज कामावर जाताना सायकलवर मागे बसून तुमच्या पाठीवर डोकं टेकते मी. आता तिथे ही सवत आणून बसवणार?"

मास्तरांनी पैसे दिले आणि सॅक तिच्याच पाठीवर चढवली.