मामाच्या हातचा घास

या, जवळ सरकून बसा. दिघाशी गावातल्या एका घासाची गोष्ट सांगतो. भांडणाची आहे, पण अन्नाची आहे, म्हणून मन लावून ऐका.

सीताबाईने सुनेच्या, भाविकाच्या हातातली वाटी हिसकावली आणि आतला मऊ भात अंगणात कोंबड्यांपुढे उपडा केला. तिच्या मांडीवरचा सार्थक रिकाम्या चमच्याकडे बघत राहिला. साडेसहा महिन्यांचा झाला होता आणि आईच्या दुधापलीकडे त्याच्या पोटात काही गेलं नव्हतं.

"मामाचे हातचा घास पडल्याशिवाय या घरात पोराचे तोंडात अन्न जात न्हाय," सीताबाई म्हणाली.

रीत खरी होती. उष्टावणाचा पहिला घास मामानेच भरवायचा. पण मामाला बोलवायचं कसं? बारशाला भाविकाच्या आईला दुसऱ्या पंगतीला बसवलं, म्हणून भाविकाचा भाऊ केसरीनाथ भरल्या पानावरून उठून गेला होता. वाढलेल्या अन्नाला पाठ दाखवली त्याने. त्याच दिवशी सीताबाईने साऱ्या आळीला ऐकू जाईल असं सांगितलं होतं, की याचा पाय पुन्हा माझ्या उंबऱ्यात दिसता कामा नये. मामाशिवाय घास नाही आणि मामाला घर नाही. दोन्ही हुकूम एकाच तोंडचे, आणि त्यांच्यामध्ये पोर उपाशी.

भाविका अंगणवाडीत हमिदाताईंकडून सगळं शिकून आली होती. सहा महिने झाले की नुसतं दूध पुरत नाही. वरणभात बोटांनी मऊ कुस्करायचा, चमच्यावरून ओघळणार नाही इतका घट्ट. वर्षापर्यंत मध नाही, साखर नाही. हे तिने घरी सांगितलं तेव्हा सासूने विचारलं, की तुझ्या नवऱ्याला मी काय अंगणवाडीला विचारून वाढवला का? नवरा मनोज तिथेच जेवत होता. त्याने भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

महिना असाच गेला. भाविका बारा ते पाच गोदामात पॅकिंगच्या ड्युटीला जायची, तेवढा वेळ पोर सासूकडे. परत आली की आधी त्याच्या फासळ्या चाचपायची. वजनाला नेते म्हटलं की सीताबाई म्हणायची, चार बायकांत नेऊन पोराला दृष्ट लावायची आहे का? दोघी एकाच घरात रांधत आणि एकमेकींकडे पाठ करून जेवत.

शेवटी भाविकाने भावाला फोन लावला.

"दादा, तू पानावरून उठलास. आता भाच्याला पानावर बसव, नायतर मला बहीण म्हणू नको."

गुरुवारी केसरीनाथ आला. चांदीच्या वाटीत खीर घेऊन आला. रीतीच्या एका घासापुरती साखर भाविकाने चालवून घेतली. उंबऱ्यात पाय ठेवला नाही. भाविकाने अंगणातच पाट मांडला. सीताबाई दारात पाठमोरी बसून तांदूळ निवडू लागली. त्याने रामराम घातला नाही, तिने पाणी विचारलं नाही.

त्याने देवाचं नाव घेतलं आणि खिरीचा चमचा पोराच्या तोंडात सारला. सार्थक ठसकला, सगळं बाहेर काढलं. दुसऱ्या चमच्याला तर त्याने टाहोच फोडला. भाविकाने घाईने त्याचं तोंड पुसलं. एवढा उशीर केला, आता हे पोर गिळायलाच शिकणार नाही की काय?

"उपाशी ठेवून ठेवून पोराचा घसा आटवला या बाईने," केसरीनाथ दाराकडे बघून म्हणाला.

सीताबाईने मान वळवली नाही. सुपातला खडा काढून फेकला.

"तसा न्हाय खात तो. चमचा खालचे ओठाला टेकवाचा आन् थांबाचा, तो आपुन तोंड उघडतो. आन् ती खीर ठेव बाजूला. वरीस होयेपर्यंत साखर न्हाय देयाची. गॅसजवळ वाटी झाकलेली हाय, ती आन गो."

भाविका आत गेली. वाटीत कुस्करलेला वरणभात होता, वर तूप. केसरीनाथने चमचा ओठाला टेकवला आणि थांबला. सार्थकने ऐटीत आ केला.

भाविका सासूच्या पाठीकडे बघत राहिली. चमचा, ओठ, थांबणं, साखर: शब्दाला शब्द तिने अंगणवाडीतच ऐकला होता. वाटी रिकामी झाली. हा कितवा घास, असं मात्र कोणी विचारलं नाही.

तर मंडळी, आज पानावर बसाल तेव्हा देवाच्या नावामागून हमिदाताईंचं नाव घ्या. सकाळी त्यांनी सुनेला शिकवलं, दुपारी सून ड्युटीवर असताना सासूला, आणि एकीची कुणकुण दुसरीला लागू दिली नाही.